चालत आला म्हणजे बरा झाला असं नसतं

मी मोटार अपघाताचे क्लेम चालवते, जखमींच्या आणि मयताच्या घरच्यांच्या बाजूने. या कामाविषयी बरंच काही लिहिता येईल पण आज मला एकाच गोष्टीवर लिहायचंय, ती म्हणजे अपंगत्वाच्या दाखल्यावरचा तो टक्का. कारण लोक तो टक्का बघूनच घाबरतात किंवा खूश होतात, आणि विमा कंपनीही तोच धरून बसते, आणि खरं नुकसान त्या आकड्यात अर्धंसुद्धा उतरलेलं नसतं.

आधी मयताच्या केसचं सांगते, कारण तिथला हिशोब बऱ्यापैकी ठरलेला आहे. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सरला वर्मा केसमध्ये वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले, म्हणजे वय २५ पर्यंत असेल तर १८, मग २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, असं करत करत साठीच्या पुढे ७ आणि ५ पर्यंत खाली येतं. वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, तो माणूस स्वतःवर जो खर्च करायचा तो वजा करायचा, अविवाहित असेल तर निम्मा, घरात दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, आणि जे राहील त्याला गुणकाने गुणायचं. मग २०१७ मध्ये पाच जजेसच्या घटनापीठाने प्रणय सेठी केसमध्ये सांगितलं की पुढे उत्पन्न वाढलं असतं ते पण धरा, पर्मनंट नोकरी आणि वय ४० च्या आत असेल तर ५० टक्के, स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर ४० टक्के. हे सगळे टेबल आता प्रत्येक वकिलाच्या मोबाईलमध्ये असतात, वाद उरतो तो उत्पन्न किती धरायचं यावर.

जखमीच्या केसमध्ये मात्र असं टेबल लावून भागत नाही. माणूस जिवंत आहे, समोर उभा आहे, बोलतोय, आणि नेमकं तेच त्याच्या विरोधात वापरलं जातं.

एका रंगकाम करणाऱ्या माणसाची केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. बाईकवरून कामावर जाताना मागून टेम्पोची धडक, टाचेचं हाड चेचलं गेलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, हाड जुळलं. एक्सरे बघितला तर हाड व्यवस्थित जुळलेलं दिसतं, म्हणजे कागदावर ट्रीटमेंट यशस्वी. डॉक्टरांनी दाखला दिला, त्या पायाचं ३० टक्के कायमचं अंशतः अपंगत्व. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं होतं की हे एका पायाचं आहे, पूर्ण शरीराचं धरायचं तर १२ टक्क्यांच्या वर जात नाही.

त्यांचा उलटतपास पण चांगला होता, मी मान्य करते. अगदी शांतपणे, आवाज न चढवता.

"आज कोर्टात कसे आलात?"

"बसने साहेब."

"स्टॉपपासून इथपर्यंत?"

"चालत."

"हे कोर्ट पहिल्या मजल्यावर आहे, जिना चढून आलात ना?"

"हो."

"कोणी धरून आणलं का?"

"नाही साहेब, मीच आलो."

एवढंच, उलटतपास संपला. आणि तो माणूस खुशीत माझ्याकडे बघतोय, की मॅडम मी सगळं खरं खरं सांगितलं. सांगितलंच होतं. खोटं बोलायला मी कुणालाच सांगत नाही आणि तो बोललाही नसता, लंगडतो त्याचीसुद्धा त्याला लाज वाटायची, लोकांसमोर सरळ चालायचा प्रयत्न करायचा. कष्ट करणाऱ्या माणसाला मी आता पांगळा झालो असं चारचौघात म्हणणं फार जड जातं, आणि कंपनीच्या वकिलांना हे पक्कं माहीत असतं.

मी कोर्टाकडे फेरतपासाची, म्हणजे माझ्या साक्षीदाराला परत प्रश्न विचारायची, परवानगी मागितली, कारण जिन्याचा विषय उलटतपासातच निघालेला होता. विचारलं, जिना कसा चढलात ते सांगा. तर तो म्हणाला की कठड्याला धरून, चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवायचा मग दुसरा त्याच पायरीवर आणायचा, आणि उतरताना आडवा होऊन उतरतो. मग विचारलं, रंगकाम करताना शिडीवर तुमचे हात कशात असतात? म्हणाला, एका हातात डबा, एका हातात ब्रश. पुढे काही विचारायची गरजच नव्हती, जजसाहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवून त्याच्या पायाकडे बघितलं.

पण नुसतं त्याच्या सांगण्यावर चालत नाही, डॉक्टर पिंजऱ्यात आणावे लागतात. हे फार महत्त्वाचं आहे आणि बऱ्याच केसेस इथेच मार खातात, कारण डॉक्टरांना वेळ नसतो, समन्स काढायला लागतं, त्यांच्या फीचे पैसे जखमीकडे नसतात, मग नुसता दाखला फाईलला लावून देतात आणि दाखला बोलत नाही. मी डॉक्टरांना टक्का विचारतच नाही बसत, तो दाखल्यावर आहेच. मी विचारते की डॉक्टर, हा माणूस उकिडवा बसू शकेल का? शिडीच्या दांडीवर तासभर उभा राहील का? वजन घेऊन उतारावरून चालेल का? या केसमध्ये डॉक्टरांनी अगदी सोपं करून सांगितलं की घोट्याच्या खालचा सांधा आखडलाय त्यामुळे पाऊल आत-बाहेर वळत नाही, सपाट फरशीवर चालायला जमेल पण शिडी, उतार, खडबडीत जमीन असेल तिथे तोल जाणार, आणि सांध्याची झीज पुढे वाढतच जाणार.

कायद्यात याला आधार आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. २०११ मध्ये छापून आलेला राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सुप्रीम कोर्टाचा निकाल ज्यांच्या घरात कुणी जखमी आहे त्यांनी तरी माहीत करून घ्यावा. त्यात कोर्टाने म्हटलंय की शरीराचं अपंगत्व किती टक्के हे एक, आणि त्यामुळे कमाईची ताकद किती गेली हे वेगळं, दोन्ही एक समजू नका. उदाहरणही त्यातलंच आहे, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराचं जवळजवळ सगळंच गेलं, सरकारी क्लार्कची नोकरी मात्र राहू शकते. हात तोच, दाखल्यावरचा टक्काही तोच. म्हणून आधी बघायचं की तो काय काम करायचा, मग आता त्यातलं काय करू शकतो, आणि दुसरं काही करून पोट भरू शकतो का. सुशिक्षित माणसाला खुर्चीवरचं काम मिळेल, ज्याला सहीपुरतंच लिहिता येतं त्याला तुम्ही कुठली खुर्ची देणार?

आता याने रकमेत काय फरक पडतो ते बघा. समजा ३४ वर्षांचा कारागीर, महिन्याला १८,००० कमावतो. पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की २५,२०० झाले, वर्षाचे ३,०२,४००, त्याला १६ ने गुणलं की ४८,३८,४००. जखमीच्या केसमध्ये स्वतःच्या खर्चाची वजावट करत नाहीत कारण माणूस आहे, तो जेवणार आहे. आता कमाईचं नुकसान १२ टक्के धरलं तर ५,८०,६०८ आणि ५० टक्के धरलं तर २४,१९,२००. एकच पाय, एकच एक्सरे, आणि फरक अठरा लाखांच्या वर. तो फरक शिडी, डबा आणि ब्रश कोर्टाला दिसले की नाही यावर ठरतो. माझ्या त्या पक्षकाराच्या केसमध्ये दाखल्याच्या बऱ्याच वरचा टक्का धरला गेला, कंपनीने अपील केलंय, ते चालू आहे.

म्हणून नवीन पक्षकार आला की मी कागद नंतर बघते, आधी त्याला त्याचा दिवस विचारते. सकाळी उठल्यावर काय करता, संडासला कसं बसता, अंघोळीला कोण मदत करतं, कपडे कोण घालतं, रात्री कुठल्या कुशीवर झोप लागते. सुरुवातीला लोक अवघडतात, बायका तर फारच, पण हळूहळू बोलतात. आणि बहुतेक वेळा खरी माहिती जखमी माणूस देत नाहीच, ती शेजारी बसलेली बायको देते. तो म्हणणार बरं आहे आता, आणि ती खाली बघून म्हणणार, कुठे बरं आहे मॅडम, रात्रभर पाय दाबून द्यावा लागतो. मग मी तिचं पण पुराव्याचं शपथपत्र करून घेते. तिने कामावर जाणं सोडलं असेल तर तेही त्यात येतं, कारण घरातलं माणूस फुकट सेवा करतंय म्हणून विमा कंपनीची जबाबदारी संपते असं होत नाही.

याच मुद्द्यावर २०२० चा एक निकाल मला फार मोलाचा वाटतो. बारा वर्षांची मुलगी, अपघातात मेंदूला मार, शंभर टक्के अपंगत्व, बुद्धीची वाढ नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. सुप्रीम कोर्टाने तिथे सांगितलं की तिला आयुष्यभर दोन मदतनीस लागणार, प्रत्येकीचे महिन्याला ५,००० धरा, आणि त्याला पण गुणक लावा, १८ चा. नुसत्या मदतनीसांचे २१,६०,००० झाले आणि एकूण रक्कम ६२ लाखांच्या पुढे गेली, हायकोर्टाने दिलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त. तोपर्यंत काय व्हायचं, की मदतनीसाचा खर्च म्हणून एक ठोक लाख-दोन लाख टाकून देत, जसं काही आई-बाप अमर आहेत आणि त्यांची पाठ कधी दुखणारच नाही.

गृहिणीच्या बाबतीत तर अजूनही वाद घालावा लागतो. उत्पन्न काय, तर निरंक. २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की घरात राबणाऱ्या बाईच्या कामाला किंमत आहे, तिचं उत्पन्न अंदाजाने का होईना धरायचं आणि पुढची वाढ पण धरायची. तरी युक्तिवादात ऐकायला मिळतं की मयत काही कमवत नव्हती. मी अशा वेळी तिच्या नवऱ्याला विचारते, आता मुलांना शाळेत कोण सोडतं, सासूबाईंची औषधं कोण देतं, त्यासाठी किती पैसे मोजता. आकडा आपोआप बाहेर येतो.

चूक कोणाची, यावर पण थोडं लिहायला हवं. लोकांना वाटतं फौजदारी केसमध्ये ड्रायव्हर सुटला की क्लेमही गेला. तसं नाहीये. क्लेमच्या केसमध्ये संशयापलीकडे सिद्ध करायचं नसतं, जास्त शक्यता कोणत्या बाजूला आहे एवढंच बघतात. कंपनीचं दुसरं आवडतं अस्त्र म्हणजे जखमीचीही चूक होती, अर्धे कापा. हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होते. ट्रिपल सीट बसणं हा गुन्हा आहेच, बसूच नका, पण ट्रिपल बसल्यामुळे अपघात झाला किंवा मार वाढला हे दाखवल्याशिवाय नुसतं त्यावरून पैसे कापता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. मागून येऊन ट्रकने ठोकलं तर पुढच्या बाईकवर दोघे होते की तिघे याने काय फरक पडतो?

आता ज्यांच्या घरात हे आत्ताच घडलंय त्यांच्यासाठी. मला माहितीये की त्या दिवसांत डोकं चालत नाही, आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला पंचनाम्याचं काय पडलेलं असणार. पण घरातला एखादा चुलत भाऊ, मेहुणा, मित्र, जो धावपळ करतोय त्याने एवढं बघावं. जागेचे आणि गाड्यांचे फोटो, आसपास सीसीटीव्ही असेल तर लगेच मागून घ्या कारण थोड्या दिवसांत त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. घटनास्थळ पंचनाम्यात गाडीचा नंबर, टायर घासल्याच्या खुणा, रस्त्याची कुठली बाजू हे नीट लिहिलंय ना ते वाचा. दवाखान्याच्या केसपेपरवर अपघात कसा झाला याची पहिली नोंद असते, तिथे कोणी घाईत "गाडीवरून पडून" एवढंच लिहून टाकलं तर पुढे दोन वर्षांनी तेच वाक्य कंपनीचे वकील मोठ्याने वाचून दाखवतात. औषधांची बिलं, रिक्षाचे पैसे, फिजिओथेरपी, सगळं एका पिशवीत. आणि उत्पन्नाचा पुरावा, इथे असंघटित कामगार फार मागे पडतो. पगाराची स्लिप नसेल तर बँकेचं स्टेटमेंट, फोनवर आलेल्या पेमेंटचे मेसेज, कॉन्ट्रॅक्टरची वही, ज्यांच्याकडे काम केलं ते लोक साक्षीदार म्हणून. रंगकामवाल्याच्या केसमध्ये दोन घरमालक साक्षीला आले होते, स्वतःची सुट्टी टाकून, ते मी विसरणार नाही.

मुदतीचं मात्र अगदी ठळक लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये, म्हणजे ज्याखाली हे क्लेम दाखल होतात त्यात, अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आणली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर तुम्ही थांबू नका. नियमाप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला रिपोर्ट आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल ट्रायब्युनलला, म्हणजे हे क्लेम चालवणाऱ्या कोर्टाला, द्यायचा असतो, पण पोलीस करतील म्हणून हात जोडून बसू नका, स्वतःचा अर्ज वेळेत दाखल करा. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तरी हिट अँड रनची सरकारी योजना आहे, मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर जखमेला ५०,०००, ही रक्कम मला फार तोकडी वाटते पण निदान ती तरी घ्या, कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं.

आणि कुठल्याही कागदावर घाईने सही नको. कलम १६४ खाली कोणाची चूक हे न बघता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, ऐकायला बरं वाटतं, आणि घरात रोख पैसा संपलेला असतो त्यामुळे हात पुढे होतो. पण कंपनीशी तडजोड करून ते घेतले की १६६ खालचा मोठा क्लेम संपतो. काही घरांसाठी ते ठीक असेल, म्हणजे चूक आपल्याच माणसाची असेल किंवा पुरावा काहीच नसेल तर. पण ते समजून उमजून करा. लोकअदालतीतही तसंच आहे. मी तडजोडीच्या विरुद्ध नाही, चांगली रक्कम असेल तर मी स्वतः सांगते घ्या, कारण अपिलात वर्षं जातात आणि मुलांची शिक्षणं थांबत नाहीत. फक्त आकडा सांगण्याआधी टेबलावर हिशोब मांडून दाखवा म्हणते, आणि पक्षकाराला तो कळेपर्यंत थांबते.

फीबद्दल पण स्पष्ट लिहिते. निकालातल्या रकमेत टक्केवारी ठरवून केस घेणं आपल्याकडे वकिलाला चालत नाही, बार कौन्सिलचे नियम तसे आहेत. बाहेरच्या काही देशांत चालतं, इथे नाही. तरीही दवाखान्याच्या आवारात एजंट फिरतात, जखमीच्या नातेवाइकांना गाठतात, काही खर्च करू नका आम्ही सगळं बघतो, मिळतील त्यातले इतके आमचे, आणि कोऱ्या वकीलपत्रावर, कधी कोऱ्या चेकवर सह्या घेतात. याचा मला मनापासून राग येतो. ज्या माणसाचा पाय गेला त्याच्या पायाच्या पैशात वाटा मागताना हात कसा धजतो? तुम्हाला वकील निवडायचा असेल तर त्याच्या ऑफिसात जाऊन बसा, तो तुमच्याशी स्वतः बोलतोय का बघा, आणि खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, पात्र असाल तर मोफत वकील मिळतो.

निकालानंतर पैसे येतात तेव्हा पण काम संपत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये छापून आलेल्या निकालातच सांगून ठेवलंय की अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालची) मुलं, अशिक्षित, विधवा यांच्या रकमा मुदत ठेवीत ठेवाव्यात म्हणजे कोणी लुबाडणार नाही. काही जण नाराज होतात, आमचेच पैसे आम्हाला का नाही देत म्हणून. पण मी पाहिलंय की रक्कम आली हे कळताच कधी न फिरकलेला दीर दारात उभा राहतो. दरमहा व्याज बाईच्या खात्यात येत राहिलं तर तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही, आणि मुलीच्या कॉलेजची फी किंवा परत ऑपरेशन असं काही निघालं तर ठेव मोडायला ट्रायब्युनल परवानगी देतं. त्यासाठी अर्ज करायचा, सोबत फीचं पत्रक किंवा डॉक्टरांचं इस्टिमेट जोडायचं. हा अर्ज माझ्या जुन्या पक्षकारांना मी फी न घेता करून देते, केस संपून कितीही वर्षं झाली असली तरी, तेव्हा लाजू नका, फोन करा.